बडोद्यात खोली मिळेल का?

लक्ष्मी विलास पॅलेस पाहिला. भव्य आहे, तिकीट महाग आहे, विषय संपला. सेवउसळ डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हाणली. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघून मान अवघडली. राज्यघटनेची मूळ प्रत सजवणारे तेच हे बोस.

खरं लिहायचंय ते सयाजीबागेबद्दल. जुने बडोदेकर अजून कमाटीबागच म्हणतात. रविवारी जाऊ नका म्हणेन, पण मला तरी दुसरा वार कुठे होता? छोट्या रेल्वेची रांग, फुगेवाले, कर्कश पिपाण्या. या गर्दीतून वाट काढत संकल्पभूमीपाशी, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकापाशी, पोचलो.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. गावात एकही हिंदू खाणावळ त्यांना ठेवून घेईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या पारशांनी तिथूनही बाहेर काढलं. आसरा मागितला तर मित्रांनी कारणं सांगितली. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत काढला.

तिथेच मोबाइलवर राज्यघटनेच्या कलम १५ चा दुसरा खंड काढून वाचला. जात-धर्मावरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची यादी. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. एरवी कायद्याची भाषा म्हणजे डोकेदुखी, पण ही यादी वाचताना बंद झालेलं एकेक दार दिसत होतं. इंग्लंड-अमेरिकेत हक्क मागितले गेले ते मुख्यतः राजाच्या, सरकारच्या विरुद्ध. इथे राजा तर बाजूने होता! सयाजीरावांनीच शिष्यवृत्ती दिली, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तरी त्यांच्याच राजधानीत त्यांच्याच अधिकाऱ्याला खोली मिळाली नाही. राजाच्या भलेपणाचा हात धर्मशाळेच्या दारापर्यंत पोचत नव्हता. म्हणून घटनेला सरकारबरोबर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बजावावं लागलं. आणि कुणी ऐकलं नाही तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय. या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं.

दांडिया बाजारात आत्याकडे जेवायला गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं.

"आपल्या महाराजांनीच पाठवलं हो त्यांना अमेरिकेला," आत्या अभिमानाने म्हणाली.

"आणि परत आल्यावर खोली?"

"कुकर बघते," म्हणत ती उठली.

गायकवाडी अभिमानाचा हा नेहमीचा प्रकार. शिष्यवृत्ती तोंडपाठ, धर्मशाळेचा विषय निघाला की कुकर. राग आला, पण आमटी इतकी फक्कड होती की भांडण लांबवता आलं नाही.

तेवढ्यात शेजारचे काका फोनवर बोलत बाहेरच्या खोलीत आले. वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. पगार विचारला, माणसं किती ते विचारलं, मग आवाज जरा मऊ करून, "आडनाव काय म्हणालात?"

मी ताटावरून उठून कलम पुन्हा उघडलं. दुकानं आहेत, हॉटेलं आहेत. भाड्याच्या फ्लॅटचा उल्लेख नाही. काकांनी मात्र तोवर "कळवतो हं" म्हणून फोन ठेवला होता.