तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तीच गाडी का?

परवा पुन्हा एकदा. पार्किंगमधे मी डिकीतून भाजीच्या पिशव्या काढत होते आणि शेजारचे काका अगदी प्रेमाने म्हणाले, "काय मॅडम, अजून हीच? आता तर जीएसटीपण उतरला की." २०२५ च्या २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि तेव्हापासून मला हा प्रश्न काकांनी, ऑफिसमधल्या निम्म्या लोकांनी, दोन्ही वहिन्यांनी आणि एकदा तर पेट्रोल पंपावरच्या मुलानेही विचारून झालाय. त्याआधीही विचारत होतेच, फक्त तेव्हा दिवाळी ऑफर म्हणायचे. म्हणून आता एकदाच लिहून टाकते, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवेन.

गाडी सगळ्यांनी बघितलीये. २००९ च्या दसऱ्याची वॅगन आर, एलएक्सआय, चंदेरी, १ लाख ६३ हजार किलोमीटर झालेली. तिला नाव वगैरे नाही. मी तिच्याशी बोलत नाही, दसऱ्याला हार घालते तेवढाच. त्यामुळे "तुझा जीव अडकलाय तिच्यात" हे जे वहिनी म्हणतात ते खरं नाही. आणि कंजूषपणा म्हणाल तर, बरं, थोडा आहे. पण मी हिशोब ठेवते आणि तुम्ही ठेवत नाही एवढाच आपल्यात फरक आहे.

माझ्याकडे एक जुनी डायरी आहे, तिच्यात गाडीचा पैन् पै खर्च आहे. टायमिंग बेल्ट दोनदा, क्लच प्लेट एकदा, बॅटऱ्या चार, खालचे बुश आणि शॉकअप मिळून एकदा मोठा खर्च, एसीचा गॅस कितीदा तो मोजायचं सोडून दिलं. पेट्रोल सोडून वर्षाला सरासरी तीस हजारांच्या आत. त्यात इन्शुरन्स आला, आणि तिथेही माझं नशीब बघा, थर्ड पार्टीचा हप्ता १००० सीसीच्या आत असेल तर २०९४ आणि वर गेलं की ३४१६, माझं इंजिन १०६१ सीसीचं, म्हणजे ६१ सीसीसाठी मी दरवर्षी तेराशे रुपये जास्त भरते. असो. नवीन घ्यायची म्हणजे ऑन रोड आठ लाखांच्या पुढे (पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्सच आहे), त्यातले साडेसहा लाख कर्ज, ९ टक्क्यांनी सात वर्षं, हप्ता साडेदहा हजार. वर्षाचे सव्वा लाख. तीस हजार विरुद्ध सव्वा लाख. आणि हे नवीन गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पहिला ओरखडा पडल्यावर होणारी चिडचिड हे सगळं न धरता.

हे मी २०२१ मधे फॅमिली ग्रुपवर एवढा मोठा मेसेज टाकून सगळ्यांना समजावलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "गाडी जोवर रस्त्यात बंद पडत नाही तोवर बदलायची नाही, विषय संपला." भावाने अंगठा टाकला. विषय संपला.

आता मधला भाग. हा मी कुणाला नीट सांगितलेला नाही. "छोटासा धक्का लागला होता" एवढंच सगळ्यांना माहितीये.

२०२३ चा जुलै. आईला साताऱ्याहून महिनाभरासाठी पुण्याला घेऊन येत होते. दुपारचे चार वाजले असतील, वाईचा फाटा ओलांडल्यापासून पाऊस असा की वायपर फास्टवर टाकूनही समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना माहितीये, तेव्हा पुण्याहून जाताना आपण खंबाटकीचा घाट चढून जायचो आणि साताऱ्याकडून येताना बोगद्यातून यायचो, आणि बोगदा संपला की लगेच उतार आणि ते इंग्रजी एससारखं वळण. तिथे किती अपघात झालेत ते पेपरात वाचतोच आपण. मी तिथून शेकडो वेळा गेलेय. म्हणजे मला माहिती नव्हतं असं नाही, उलट फार माहिती होतं.

बोगद्यात कोरडं असतं ना, तिथे माझा पाय जरा सैल झाला. बाहेर पडलो, एकदम पाण्याचा मारा, पुढे एक टेम्पो, वळणाच्या तोंडाशी त्याचे ब्रेक लाइट लागले. मी ब्रेक मारला. जोरात मारला, कुणीही मारेल. आणि गाडी थांबली नाही. म्हणजे चाकं थांबली, गाडी नाही. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगते, चाकं लॉक झाली की स्टिअरिंग हातात नुसतं खेळण्यासारखं असतं, मी ते डावीकडे पूर्ण फिरवलं आणि गाडी सरळ जात राहिली, आवाज नाही काही नाही, साबणावरून घसरल्यासारखी. मला वाटतं दोन सेकंद असतील. तेवढ्यात आईने काहीतरी म्हटलं, "अगं" किंवा "अरे", आणि तिचा उजवा हात माझ्यापुढे आडवा आला, मी लहान असताना एसटीत ब्रेक लागला की धरायची तसा. एकाहत्तर वर्षांची बाई, मला धरत होती.

मग धडक. स्पीड खूप नव्हता, पंचवीस-तीस असेल तेव्हा. बॉनेट उभं राहिलं, रेडिएटरमधून वाफ. मला काही नाही, गुडघा थोडा आपटला. आई पट्टा लावून होती (मी लावायला लावते, एवढं तरी), तिने डोळे मिटले होते. मी आई आई करत होते आणि ती डोळे उघडून पहिलं काय म्हणाली तर, "मागच्या पिशवीत लोणच्याची बरणी आहे, बघ सांडलं का." बरणी फुटली होती. तो वास अजून आहे गाडीत, पावसाळ्यात दमट झालं की मागच्या मॅटमधून मोहरी आणि हिंगाचा वास येतो. मॅट दोनदा बदलली मी.

टेम्पोवाला उतरला तेव्हा मला वाटलं आता भांडणार. तो बिचारा ताडपत्री घेऊन आला, आईच्या दाराशी धरून उभा राहिला, "मावशी हलू नका" म्हणाला. त्याच्या टेम्पोला फारसं काहीच झालं नव्हतं. मागून येणाऱ्या गाड्या दिसू दे म्हणून दुसरा एकजण झाडाची फांदी मोडून रस्त्यात ठेवत होता. १०८ ला फोन कुणी केला मला माहिती नाही. शिरवळपर्यंत आईने हात छातीशी धरून ठेवला होता आणि मी विचारलं की "काही नाही, मुका मार आहे" म्हणत होती.

मुका मार नव्हता. डाव्या खांद्याचं हाड, कॉलरबोन, पट्टा जिथून जातो बरोबर तिथे. डॉक्टर म्हणाले पट्टा नसता तर काचेत गेल्या असत्या, ऑपरेशन नको, सहा आठवडे हात गळ्यात. मग सहा आठवडे मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिचा अंबाडा घालून दिला. तिला साडी नेसता यायची नाही एका हाताने, मी गाऊन आणले तर म्हणाली, मला हे घालून दारात कसं उभं राहता येईल. मग साडीही मीच नेसवायचे, निऱ्या माझ्या कधीच नीट येत नाहीत, ती आरशात बघायची आणि काही बोलायची नाही. फोनवर मामाला, मावशीला, सगळ्यांना एकच सांगायची, "पाऊस फार होता हो." एकदाही म्हणाली नाही की हिने ब्रेक उशिरा मारला.

तर. एबीएस. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालंय, त्याने चाकं लॉक होत नाहीत, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. माझ्या गाडीत नाही. एअरबॅग नाही, एकही. असतं तर वळली असती का? मिस्त्री म्हणाले, "ताई, सांगता येत नाय. त्या पाण्यात भारीतल्या भारी गाड्या पण जातात." मी ते वाक्य किती दिवस धरून बसले होते.

पण मिस्त्रींनी अजून एक वाक्य म्हटलं होतं, मे महिन्यात, सर्व्हिसिंगला गेले तेव्हा. "पावसाळ्याच्या आधी टायर बदलून घ्या." सहा वर्षांचे टायर होते. नक्षी दिसत होती अजून, म्हणून मी म्हटलं, एक सीझन काढू की. चौदा हजार वाचवले मी. डायरीत त्या महिन्यात सर्व्हिसिंगपुढे ४,२०० लिहिलंय आणि शेजारी बरोबरची खूण केलीय, खूश होऊन.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल मग बघ, आम्ही तेच सांगत होतो. नाही, तुम्ही हे सांगत नव्हतात. तुम्ही सांगत होतात की पार्किंगमधे बरी दिसत नाही, टचस्क्रीन नाही, मागचा कॅमेरा नाही. टायरबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. आणि २०२१ ची मी जी ग्रुपवर विषय संपवून बसली होती तिच्याशीही मला भांडायचंय, की बाई, गाडी बंद पडेपर्यंत थांबायचं हे ठरवलंस, पण ती बंद पडलीच नाही, तिथेच तर घोळ झाला. चौदा वर्षं एकदाही न रुसणारी गाडी असली की माणसाला सवय लागते. आमच्या साताऱ्याकडे म्हणतात ना, चालतंय की. चालतंय की म्हणत म्हणत मी टायर चालवले, आधीच्या वर्षी वायपरची फाटलेली रबरं पण चालवली होती. नवी गाडी घेतली असती तर हीच सवय घेऊन बसले असते का तिच्यात? बहुतेक. पण तिच्यात निदान एबीएस असतं. हे असं दोन्हीकडून मी रोज रात्री करायचे तेव्हा.

बरं मग तेव्हाच का नाही विकली? विकत होते ना. एक मुलगा टॅब घेऊन आला, फोटो काढले, बोनेटचं भगदाड बघून म्हणाला स्क्रॅपमधे अठरा हजार येतील. दुरुस्तीचा अंदाज एकेचाळीस हजार, आणि इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी, म्हणजे सगळे खिशातून. कुठल्याही शहाण्या माणसाने अठरा हजार घेतले असते. मी एकेचाळीस भरले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा मी सगळ्यांना हिशोबच सांगितला, की एकेचाळीस म्हणजे नव्या गाडीचे चार हप्ते, चार महिन्यांत वसूल. हिशोब बरोबरच आहे. पण खरं तर मला वाटत होतं की मी ती आत्ता विकली तर म्हणजे दोष गाडीचा होता असं मीच सही करून दिल्यासारखं होईल, आणि तो तिचा नव्हता, किंवा पूर्ण तिचा नव्हता. आता हे काकांना पार्किंगमधे कसं सांगणार.

२०२४ ला पंधरा वर्षं झाली, परत पासिंग करून आणलं. आधी ६०० रुपयांत व्हायचं ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झालंय, वर पर्यावरण कर वेगळा. आरटीओच्या साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे लावून दाखवायला सांगितले, इंजिनचा आवाज ऐकून म्हणाले, "मेन्टेन ठेवलीय." मला इतका आनंद झाला की मी घरी येताना पेढे घेतले, आता आठवलं की लाज वाटते. २०२९ पर्यंत चालेल कागदावर. तेव्हा वीस वर्षं होतील आणि २०२५ च्या ऑगस्टमधे आलेल्या नियमाप्रमाणे पुढच्या वेळी फी १०,००० होईल. शिवाय नवी नंबरप्लेट झाली, ७४५ अधिक जीएसटी. शिवाय आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल, ही गाडी काही त्यासाठी बनलेली नाही, ॲव्हरेज सोळावरून साडेचौदावर आलंय आणि मिस्त्रींनी पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्यायला लावले. या वेळी सांगितल्या दिवशी बदलले. टायर तर दुरुस्तीबरोबरच चारही नवे.

एक गोष्ट राहिली. हात बरा झाल्यापासून आई पुढे बसत नाही. मागे, डावीकडे, खिडकीशी. मी पहिल्यांदा म्हटलं अगं पुढे ये की, तर म्हणाली मागं पिशवी ठेवायला बरं पडतं. दुसऱ्यांदा म्हणाली पुढं ऊन येतं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. पुढची सीट रिकामी आणि मी एकटी पुढे, टॅक्सी चालवल्यासारखी, आरशात तिचा अर्धा चेहरा. खंबाटकीचा बोगदा आला की ती माळ काढते. बोगदा संपून ते वळण गेलं की माळ पिशवीत. ती काही म्हणत नाही, मी काही म्हणत नाही, मग शिरवळला चहा.

म्हणून, हो, गेलेय मी शोरूमला. सांगितलं नाही कुणाला, पण गेले. या दिवाळीनंतर. आईलाही मुद्दाम घेऊन गेले. छोटीशीच गाडी, सहा एअरबॅग, एबीएस, चढावर मागे न जाणारं ते काय ते सगळं. टेस्ट ड्राइव्हला निघालो तेव्हा तिथल्या मुलाने आईसाठी पुढचं दार उघडलं, "आजी, तुम्ही पुढे बसा, मी मागे बसतो, पुढून मजा येईल, एकदम सेफ आहे." आई हसली त्याच्याकडे बघून. मग स्वतःच मागचं दार उघडून आत बसली, डावीकडे, खिडकीशी. पिशवी नव्हती तिच्याकडे त्या दिवशी. ऊनही नव्हतं.

मी एक चक्कर मारून आले. ब्रेक चांगले आहेत. बुकिंगचे अकरा हजार भरायचे का ते सोमवारी कळवते म्हणाले, त्याला आता तीन सोमवार झाले, तो मुलगा रोज गुड मॉर्निंगचा मेसेज पाठवतो.