सातवा घाणा: खारं पाणी निर्दोष सुटलं

कानशिलांवरही मेंदी रंगली! मागचे तीन घाणे ज्यांनी वाचलेत त्यांना कळेल, मी एवढी का नाचतेय.

ज्यांनी नाही वाचले त्यांच्यासाठी एवढंच, की मी पांढऱ्या केसांना मेंदी लावते, एकेका भिजवणीला घाणा म्हणते, आणि चौथ्या घाण्यापासून डोईवरचे केस बरे रंगत होते आणि कानशिलांवरचे मात्र मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिवळट राहत होते. तेही दोन धुण्यांत उतरायचे. सहाव्याला लिंबू दुप्पट पिळलं, चहाचं पाणी काळं होईस्तोवर उकळलं, सहा तास डोक्यावर थापून बसले. मान आखडली, पण रंग तोच.

सगळं खापर मी पाण्यावर फोडलं होतं. आमचं गाव विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, मग मेंदीला ते काय सोडणार? म्हणून ठरवलं, एकदा पुरावाच गोळा करायचा. त्यासाठी पांढरे केस हवे होते, भरपूर आणि कधीही न रंगवलेले. ते घरातच होते. सासूबाई आपलं गुंतवळ फळीवर डब्यात साठवतात.

"भांडेवालीले द्याचे हायेत ते. हात नको लावू वं."

शेवटी एका नव्या गंजावर (पातेल्यावर) सौदा पटला. अर्धा डबा माझा.

शाम्पूनं तेल पूर्ण काढलं, वाळवून बोटाएवढ्या बटा केल्या आणि शिवणाच्या दोऱ्यानं बांधल्या. शंभर ग्रॅम पावडर, निम्मी बोअरच्या पाण्यात, निम्मी विकतच्या कॅनच्या, दोन्हींत लिंबू सारखंच. सकाळी सहाला भिजवलं. नवतपा चालू, बाहेर ४५ अंश, आमचं स्वयंपाकघर टिनाचं. दर दोन तासांनी दोन्ही भांड्यांतून चमचाभर काढून एकेका बटेला लावायची, कॅरीबॅगेत गुंडाळायची आणि तीन तासांनी धुवायची. दोऱ्याला गाठी मारून वेळ लिहिली (एक गाठ म्हणजे आठ वाजता, दोन म्हणजे दहा).

एका गाठीची बट फिकट केशरी. दोन गाठींची विटेसारखी, बघतच राहावं अशी. तीनची जवळपास तीच. पाच गाठींपासून उतार लागला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लावलेली शेवटची बट? कणसाचे केस! हुबेहूब माझी कानशिलं.

आणि पाणी? बोअरची आणि कॅनची बट शेजारी ठेवली तर मला ओळखू येईनात. बोअरची हाताला जरा राठ, इतकंच. लिंबाचा आंबटपणा क्षाराला पुरून उरत असावा.

म्हणजे चूक घड्याळाची होती. पानातलं लॉसोन, म्हणजे मेंदीचा रंग देणारा घटक, मोकळं नसतं; ओल, ऊब आणि थोडं आंबट मिळालं की सुटतं, मग केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं. पण सुटल्यावर कोणी वापरलंच नाही तर हळूहळू निकामी होतं, आणि उष्णतेत हे सगळंच भरभर होतं. मी संध्याकाळी भिजवून दुसऱ्या दिवशी कामं आटोपली की लावत होते. दिवाळीच्या गारठ्यात ते जमलं, म्हणून तेच धरून बसले. 'रात्रभर भिजवा' हा सल्ला आमच्या उन्हाळ्यासाठी नाहीच. डोईवरचे मऊ केस उरलासुरला रंग पकडत होते, कानशिलांवरचे चिवट केस पकडत नव्हते.

सातवा घाणा सकाळी सहाला भिजवला, दहाला लावला, एकला धुतला, शाम्पू नाही. पहिल्या दिवशी भडक केशरी. घाबरू नका, हवा लागून दोन-तीन दिवसांत गडद होतो. आज चौथा दिवस, कानशिलं डोईच्या रंगाला मिळालीत.

पावडर राजस्थानातल्या सोजतची, पार्सलनं आलेली. ओढणीतून चाळली तर चिमूटभरच काड्या राहिल्या. बाजारातल्या सुट्या मेंदीत बुडाशी रेती बसायची आणि रंग असा हिरवागार, की पाल्याचा वाटेचना. लोखंडी कढईबद्दल भांडायला या, पण माझ्या बटांवर तिचा काडीचा फरक दिसला नाही. लगदा काळा पडतो आणि आपल्याला समाधान मिळतं.

पुढच्या वेळी नीळ (कपड्यांची नव्हे, केस गडद करणारी नीळीच्या पाल्याची पावडर) घालायची ठरवली होती. तिला आंबट चालत नाही, कोमट पाण्यात कालवून थोड्या वेळातच लावावी लागते, म्हणून मेंदी धुतल्यावर वेगळा थर. पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय: रंग सुटला की लगदा पिशवीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकला तर? सकाळची घाई वाचेल. फक्त लाईन गेली की सगळं वितळणार. मग फ्रीजऐवजी माठाच्या बुडाशी ओल्या रेतीत डबा पुरून सावकाश सुटू द्यावं का? रात्रीतून बेतानं सुटलं तर सकाळी लावता येईल.

नीळ थांबेल. आधी रेती आणि फ्रीज. बटा सहाच उरल्यात, आणि उरलेल्या अर्ध्या डब्याला हात लावायचा तर दुसरा गंज द्यावा लागणार.