भागांना नावे द्या

शनिवारी आमची शाळा सकाळची असते आणि साडेअकरानंतर शिक्षकखोलीत ज्यांच्यापुढे पेपरचे गठ्ठे आहेत तेवढेच लोक उरतात. डिसेंबर 2024 मधल्या अशाच एका शनिवारी मी दहावीच्या सराव परीक्षेचे विज्ञान भाग 2 चे पेपर तपासत होते, तेव्हा शिपाईमामा एका बाईंना आत घेऊन आले. त्यांच्या एका हातात बचत गटाची वही होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या मुलाचे मनगट.

“मॅडम, हा चोऱ्या करायला लागलाय,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. “गटाचं सव्वाचार हजार माझ्याकडं होतं. दोन महिन्यांत थोडं थोडं करून नेलं. कुठं घातलं ते बोलत नाही. मोबाइलवर जुगार खेळतो का काय, तुम्हीच विचारा.”

मुलगा माझ्याच वर्गातला, मागून दुसऱ्या बाकावरचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा पेपर मी तासाभरापूर्वीच तपासला होता आणि त्यातली आकृती पाहून खूशही झाले होते. आकृतीच्या बाबतीत मी हट्टी आहे, हे आधीच कबूल करते. नावांच्या रेषा पट्टीने आडव्या ओढायच्या, त्या एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, रेषेचे टोक त्या भागाला टेकलेच पाहिजे, सगळी नावे उजवीकडे एकाखाली एक यायला हवीत आणि छटा देण्याच्या फंदात पडायचे नाही, हे मी वीस वर्षे घोकून घेत आले आहे. कारण बोर्डाचे पेपर तपासणाऱ्याकडे वेळ नसतो आणि अर्ध्या अर्ध्या गुणाचा हिशेब नजरेच्या एका फेरीत होतो. या मुलाने पुरुष प्रजनन संस्थेची आकृती काढली होती. वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय, पुरस्थ ग्रंथी, मूत्रमार्ग, एकही नाव चुकलेले नव्हते. अधिवृषण आणि शुक्राशय यांची अदलाबदल निम्मा वर्ग करतो, त्याने तीही केली नव्हती. मी समासात ‘छान’ असे लिहिले होते.

आईंना व्हरांड्यात बसवून मी त्याला प्रयोगशाळेत नेले आणि दार उघडे ठेवले. बदलापूरच्या प्रकारानंतर आमच्याकडेही कॅमेरे बसले आहेत. कॅमेऱ्याला दिसते पण ऐकू येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी मला बरी वाटली.

बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग त्याने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि कोनमापकाखालचा कागद उचलला. खाली पांढऱ्या कागदाच्या, औषधाच्या दुकानात पूर्वी बांधत तशा, चौकोनी पुड्या ओळीने लावलेल्या होत्या. शेजारी टोक काढलेली पेन्सिल होती, जिने त्याने ती आकृती काढली असणार.

“मला रोग झालाय, मॅडम,” तो म्हणाला.

एसटी स्थानकामागच्या भिंतीवर गेली अनेक वर्षे एक जाहिरात रंगवलेली आहे: धातुरोग, स्वप्नदोष, अशक्तपणा, हमखास इलाज, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अमुक लॉजवर भेटा. मी रोज त्या भिंतीवरून येते. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे, तरी भिंतीवरचा रंग दर दिवाळीला नवा होतो. आमचा हा विद्यार्थी त्या लॉजच्या पायऱ्या चढला होता. झोपेत कपडे ओले होतात, एवढीच त्याची तक्रार होती. तिथल्या ‘डॉक्टरां’नी त्याला सांगितले, की रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, तोच तुझ्या शरीरातून गळतो आहे आणि वेळीच बांध घातला नाही तर लग्नाच्या लायकीचा राहणार नाहीस. पुरावा म्हणून त्याची लघवी बाटलीत घेऊन ठेवली आणि थोड्या वेळाने ती पांढुरकी झालेली दाखवली.

इथे मला एक प्रश्न विचारणे भाग होते. त्या माणसाने तपासताना तुला हात लावला का? पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार तसे काही कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. तो म्हणाला, फक्त नाडी पाहिली. मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आणखी दोनदा विचारला. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की आता संशय त्याच्यावरच घेतला जातो आहे.

“अरे, पण हे सगळं तर आपण शिकलोय,” मी म्हणाले. “परवा तू आकृती किती छान काढलीस.”

“ती पुस्तकातली, मॅडम.”

आणि मग, तक्रारीचा सूर अजिबात न लावता, तो म्हणाला, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

त्याने खरोखरच विचारले होते. दिवाळीपूर्वी ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’चा दुसरा भाग शिकवताना मी सांगितले होते, की वयात आल्यावर वृषणांत शुक्रपेशी सतत तयार होत राहतात. त्यावर मागून दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला होता, की सतत तयार होतात तर न वापरलेल्यांचे पुढे काय होते. वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हणाले, “ते आपल्याला परीक्षेला नाही. आकृती पूर्ण करा.”

विज्ञानाच्या शिक्षिकेला विचारता येईल असा तो उत्तम प्रश्न होता. उत्तरही दोन वाक्यांचे आहे: काही पेशी शरीरातच शोषल्या जातात, काही झोपेत आपोआप बाहेर पडतात, आणि हातानेही बाहेर पडल्या तरी त्यात अपाय नाही, कारण नव्या तयार होतच असतात. ही दोन वाक्ये मी बोलले असते तर त्याच्या आईचे पैसे वाचले असते, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण त्या वर्गातून तो लॉजवर गेला, हा क्रम काही बदलत नाही.

आमच्या शाळेत या विषयाची व्यवस्था अशी आहे. वर्षातून एकदा आठवी ते दहावीच्या मुलींना प्रयोगशाळेत बोलावतात, दार लावून घेतात, मी त्यांना पाळीबद्दल सांगते आणि नॅपकिनचे पाकीट वाटले जाते. त्या तासाला मुलांना मैदानावर सोडतात. मुलांसाठी असाच तास व्हावा, असे मी दोनदा सुचवले होते. क्रीडाशिक्षक म्हणाले, “मॅडम, त्यांना सगळं माहीत असतं, आपल्यालाच शिकवतील.” पुरुष शिक्षकांची ही समजूत मला नेहमी नवलाची वाटत आली आहे, स्वतःला त्या वयात काय माहीत होते, हे ते कसे विसरतात? मुख्याध्यापकांचे म्हणणे, पालकांची तक्रार आली तर संस्थेला उत्तर कोण देणार? वीस वर्षांत मुलींच्या तासाबद्दल एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. उलट, “बरं झालं मॅडम, तुम्हीच सांगितलं,” असे म्हणणाऱ्या आया पुष्कळ भेटल्या.

तक्रारीची भीती निव्वळ मनाचे खेळ आहेत, असेही नाही. मी नोकरीला लागले त्याच सुमारास, 2005 साली, केंद्राने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. 2007 साली त्यातल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. नव्या शिक्षकांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की या विषयात बोलून नोकरी अडचणीत येते, गप्प राहून येत नाही. हा धडा तसा जुना आहे. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून सरळ उत्तरे दिली म्हणून 1934 साली र. धों. कर्वे यांच्यावर खटला चालला होता आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. माझ्यावर खटला भरला जाण्याची कोणतीही शक्यता नव्हती. शाळांत सर्वंकष लैंगिक शिक्षण हवे, असे तर सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात म्हटले होते. मला फक्त वर्गाच्या हसण्याची लाज वाटली होती.

सोमवारी मी त्याला आणि त्याच्या आईंना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. तिथे किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ अशी पाटी असलेली खोली आहे. त्या दिवशी तिच्यात सलाईनची खोकी रचलेली होती आणि समुपदेशकाचे पद रिकामे होते. डॉक्टर मात्र समजूतदार निघाले. आईंना बाहेर थांबवून त्यांनी मुलाचे सगळे ऐकून घेतले, रक्त तपासायला दिले, पुड्या जप्त केल्या, असल्या बेनामी भस्मांत शिसे किंवा पारा असू शकतो हे सांगितले आणि झोपेत होते तो रोग नाही, हेही स्पष्ट केले. मुलगा मान डोलावत होता. मान डोलावणारा विद्यार्थी मला ओळखता येतो; त्याला काहीही पटलेले नव्हते.

“पण बाटलीत दिसलं होतं,” तो शेवटी पुटपुटला.

डॉक्टरांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना हाक मारली. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले. हल्ली लघवीची तपासणी रंगीत पट्टी बुडवून होते, पण त्यांनी कपाटातून स्पिरिटचा दिवा काढला. मुलाचा नमुना परीक्षानळीत तीन चतुर्थांश भरला, नळी तळाशी चिमट्यात तिरकी धरली आणि फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवला, म्हणजे खालचा थंड भाग तुलनेला राहतो. वरचा भाग हळूहळू गढूळ झाला, मग दुधाळ. मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या दृष्टीने निदान पक्के झाले होते.

“हेच दाखवलं होतं ना?” तंत्रज्ञांनी विचारले आणि ड्रॉपरने सौम्य ॲसेटिक ॲसिडचे तीन थेंब टाकले. नळी हलवली. दुधाळ रंग क्षणात नाहीसा झाला आणि नळी पुन्हा आरपार दिसू लागली.

“फॉस्फेट. साधा क्षार आहे. प्रथिनं असती तर आम्लात विरघळली नसती, आणि तू म्हणतोस ते असतं तर ते काही व्हिनेगरला घाबरून पळालं नसतं. कधी नुसतं ठेवूनसुद्धा गढूळ होतं. माझं झालं असतं, तुमच्या मॅडमचं झालं असतं.”

मुलगा म्हणाला, “परत करून दाखवा.” त्यांनी दुसरी नळी घेतली आणि चिमटा त्याच्याच हातात दिला. त्याने नळी तळाशी तिरकी धरली, मी वर्गात सांगते तशी, तोंड कोणाकडेही न वळवता. शनिवारपासून प्रथमच तो मला दहावीचा विद्यार्थी दिसला.

बाहेर आल्यावर आईंनी विचारले, “काय निघालं?”

रिक्षा येईपर्यंत त्याने मला दोनदा विनवले होते, की आईला सांगू नका. हिमोग्लोबिन तेरा होते, धोका काही नव्हता, चोरीचा उलगडा मात्र द्यायला हवा होता. “जुगार नाही,” मी म्हणाले. “औषधाला गेले पैसे. फसवलं त्याला कोणीतरी.”

“कसलं औषध?”

“अशक्तपणाचं,” मी म्हणाले.

हा शब्द भिंतीवरचा आहे, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले. मुलाने सुटकेचा श्वास टाकला. त्याचे गुपित राखणे योग्यच होते, असे डॉक्टर म्हणाले. मला तेवढी खात्री नाही. त्या बाईंनी मुलाला चोर म्हणून शाळेपर्यंत ओढत आणले होते, खरे काय ते ऐकण्याचा त्यांचा हक्क होता आणि कदाचित त्यांना ते पेललेही असते. शिवाय घरी दुसरा मुलगा सातवीत आहे.

जानेवारीत मी दहावीच्या दोन्ही तुकड्यांत मुले-मुली एकत्र बसवून तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि उत्तर दिले. वर्ग हसला, मी थांबले, हसणे संपले. क्रीडाशिक्षक मागे उभे राहून ऐकत होते आणि नंतर मला म्हणाले, की हे आपल्यालाही कोणी सांगितले नव्हते. मुख्याध्यापकांना मी आधी विचारले नव्हते आणि त्यांनी नंतर विचारले नाही.

अशक्तपणा म्हटल्यावर कोणतीही आई करील तेच त्या बाईंनी केले. थंडी संपेपर्यंत मुलाच्या डब्यात रोज एक डिंकाचा लाडू असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीच्या दाराशी आला आणि कागदात गुंडाळलेला एक लाडू माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “आईनं तुमच्यासाठी दिलाय. म्हणाली, मॅडमच्या लवकर ध्यानात आलं.”

मी तो खाल्ला. खसखस जरा जास्त भाजली गेली होती.