बँडचं गाणं ठरलं एकदाचं

आज शाळा सुटल्यावर दीड तास आम्ही ग्राउंडवर फक्त एवढंच ठरवत बसलो की शाळेच्या बँडनं स्पर्धेला वाजवायचं काय. पोरांचं एकच, मॅडम पिक्चरचं घ्या ना, सगळी सांगली नाचंल! पण परीक्षक सूर, ठेका आणि पावलं बघणार, आणि आपल्याकडं बिगुल चार. बिगुलाला बटणं नसतात, सगळं ओठांवर, त्यामुळं सा, ग, प एवढंच हाताशी, चालीत रे किंवा म आला की बिगुलवाली पोरं गप्प उभी राहणार, मला ते नको होतं.

मग राज्यगीत निघालं, २०२३ पासूनचं आपलं. मला मनापासून आवडतं, पण ते लागलं की सावधान उभं राहायचं असतं, त्यावर संचलन कसं करायचं? शेवटी 'सारे जहाँ से अच्छा' ठरलं, दिल्लीत बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाच्या सोहळ्याला, बँड हेच वाजवत परत जातात. चाल बासऱ्यांकडं, बिगुल फक्त सुरुवातीला आणि ओळींच्या मधे.

संचलनाचा नेहमीचा वेग मिनिटाला १२० पावलं, म्हणजे लहान पोरांची दमछाक, म्हणून आज जरा हळूच घेतलं. बास ड्रमला सातवीतली एक पोरगी आहे, पट्टा खांद्याला काचतो म्हणून आईच्या जुन्या साडीची घडी ठेवते खाली. तिचा ठोका आणि सगळ्यांचा डावा पाय आज पहिल्यांदा एकत्र पडला, चक्क दोन फेऱ्या! उद्या सकाळी सातला परत.