तुम्ही विचारलंत म्हणून: लॅरी ब्राउनच का?

"सर, जो माणूस कुठे टिकलाच नाही त्याचं नाव पोरांना कशाला सांगता?" कधी पालक विचारतात, कधी दुसऱ्या टीमचे कोच, म्हणून या अमेरिकन बास्केटबॉल कोचबद्दल आज एकदाच नीट सांगून टाकतो.

हो, नाही टिकला. यूसीएलए कॉलेजात दोन वर्षं, नेट्स या प्रोफेशनल टीमला तर 1983 मध्ये सीझनचे सहा सामने बाकी असताना सोडून कॅन्सस कॉलेजला गेला, पुढे प्रोफेशनल टीम्स: स्पर्स, क्लिपर्स, पेसर्स, सिक्सर्स, डेट्रॉइट, निक्स, कुठे कुठे. पण कॉलेजचं एनसीएए टायटल आणि प्रोफेशनल लीग एनबीएचं टायटल, दोन्ही जिंकलेला कोच आजही तो एकटाच आहे. 2004 च्या एनबीए फायनलला समोर लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, आणि ब्राउनच्या डेट्रॉइटने त्यांना 4-1 ने हरवलं, ते डिफेन्स आणि पासिंगवर. हे कोणी शिकवल्याशिवाय येतं का?

माझा जीव मात्र 1988 च्या कॅन्ससमध्ये अडकलाय. त्या सीझनला 11 सामने हरलेली टीम, फायनलला ओक्लाहोमा, ज्यांनी त्याच वर्षी यांना दोनदा हरवलेलं. हाफ टाइमला 50-50. नुसती धावपळ, म्हणजे ओक्लाहोमाला हवा तसाच गेम. दुसऱ्या हाफमध्ये ब्राउनने वेग खाली आणला, बॉल फिरवत ठेवायचा, घाई करायची नाही, आणि स्कोअर झाला 83-79. डॅनी मॅनिंगचे 31 पॉइंट्स, 18 रिबाउंड्स. बघाच तो दुसरा हाफ, पोरांना मी तेवढंच दाखवतो, अख्खी टीम एका सामन्याच्या मध्यात स्वतःचा खेळ बदलते म्हणजे काय ते तिथे दिसतं.

आणि मग जूनमध्ये तो स्पर्सला गेला. नोव्हेंबरमध्ये कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए संस्थेचा निकाल आला, खेळाडू आणताना नियम मोडले म्हणून कॅन्ससला 1989 च्या टुर्नामेंटमध्ये बंदी. चॅम्पियन टीम, आणि टायटल राखायला उतरताच येईना! नियम मोडले गेले ते ब्राउनच्या काळात, तो टेक्सासमध्ये स्पर्सकडे, बाकी पोरं घरी बसली. पूर्वी मी यावर तावातावाने भांडायचो, की एनसीएएचे नियमच जाचक, पोराला विमानाचं तिकीट काढून दिलं तर काय बिघडलं. आजही ते नियम मला पटत नाहीत. पण मग एसएमयूचं काय, ज्या कॉलेजात तो नंतर कोच होता? तिथे तर प्रश्न अभ्यासातल्या फसवणुकीचा होता, ब्राउनने ती कळवली नाही आणि चौकशीत आधी खोटंही बोलला. 2015-16 ला ती टीम सलग 18 सामने जिंकली, आणि पोस्टसीझनला, म्हणजे सीझननंतरच्या टुर्नामेंटना, बंदी. शेवटच्या वर्षाच्या पोरांना पुढचं वर्ष नसतं हो, मी दर मार्चमध्ये बघतो ती तोंडं.

तरी उद्या प्रॅक्टिसला मी तोच दुसरा हाफ लावणार आहे. तुम्ही येऊन भांडा माझ्याशी, पण एसएमयूच्या पोरांवरून भांडा, "कुठे टिकला नाही" यावरून नको.