सम आल्यावरचा घेर

६ जुलै, शनिवार

कॅनव्हास लोकलने आणला. ३६ इंच उंच, २४ रुंद, वर प्लास्टिक. फोर्टातला दुकानदार "मॅडम, टॅक्सी करा" म्हणत होता, पण फोर्ट ते पार्ले टॅक्सीच्या पैशांत ॲक्रिलिकच्या मोठ्या ट्यूबा येतात, हा हिशेब मला पाठ आहे. चर्चगेटहून धिमी गाडी, लेडीज डबा. चर्नी रोडला एकीने विचारलं, टीव्ही आहे का. मुंबई सेंट्रलला दुसरी म्हणाली, आरसा असेल. दादरला गर्दी आत घुसली तेव्हा मी कॅनव्हास पोटाशी धरून पार्टिशनला चिकटले. एका काकूंनी स्वतः सरकून मला कोपरा दिला. "कसलं चित्र काढणार?" नाचणाऱ्या बाईचं, म्हटलं. "मग माधुरीचं काढा," म्हणाल्या आणि वांद्र्याला उतरून गेल्या.

माधुरी नाही. समोरच्या इमारतीतल्या बाई. तळमजल्यावर त्यांचा कथकचा क्लास आहे. गेली अकरा वर्षं मी त्यांच्या ततकारावर कुकर लावते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आणि तिसरी शिट्टी. वय साठीच्या पुढे. कधीतरी त्यांना रंगवायचं, असं मनात होतं. विचारायचा धीर मागच्या आठवड्यात झाला.

७ जुलै, रविवार

सकाळी क्लासात बसले. न्यूजप्रिंटचा गठ्ठा, कोळशाच्या काड्या, पुसायला जुना बनियन. बाईंना म्हटलं, जरा दोन मिनिटं एका मुद्रेत उभ्या राहाल का. त्या म्हणाल्या, "मी उभी नाही राहणार. मी नाचीन, तू बघ."

मोबाइलवर लेहरा लावला, म्हणजे ताल मोजायला सतत फिरणारी धून. तीनताल, सोळा मात्रा. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेत चक्करांवर आल्या. डाव्या टाचेवर सगळं शरीर फिरतं. इतकी वर्षं खिडकीतून बघून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मला वाटायचं चवड्यावर फिरतात. आणि समेवर, पहिल्या मात्रेच्या धा वर, ठप्प.

तासाभरात साठेक रेखाटनं केली असतील. पहिली तीस कचरा. मी हात काढत होते, बोटं काढत होते. पाठीमागे बसलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शेजारणीला सांगितलं, "काकू गोगलगाय काढतायत." मग हात सोडून दिले. फक्त एक रेघ: मानेच्या खळग्यापासून कमरेतून ज्या पायावर भार आहे त्या टाचेपर्यंत. त्यावर खांद्यांची तिरकी, कमरेची उलटी तिरकी. तीन रेघांत बाई ओळखू यायला लागल्या. साठीतली बाई खांदे कसे उचलते, ते एकविसाव्या वर्षाच्या मुलीसारखं नसतं. त्यात काटकसर असते.

व्हिडिओही घेतला, हळू गतीचा. घरी येऊन थांबवून बघितला तर चक्कराच्या मधल्या प्रत्येक चित्रात घेर म्हणजे उघडी छत्री. छत्रीच्या दांड्याला एक बाई अडकवलेली. फोटोवरून नर्तकी काढणाऱ्या सगळ्यांच्या चित्रांत ही छत्री दिसते, माझ्या आधीच्या दोन चित्रांतही आहे. एका कागदाच्या कडेला मात्र मी सकाळी खरडलंय: "बाई थांबल्या, कपडा नाही." नंतर बघू.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस. गाड्यांचा गोंधळ, ऑफिस बुडालं. कॅनव्हासला गेसोचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, दुसरा हात दिला, तो संध्याकाळपर्यंत ओलाच. मे महिन्यात पंख्याखाली पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत चामडं धरतो म्हणून पाणी फवारत बसायचं, आणि जुलैत हे. ॲक्रिलिक पाणी उडून सुकतं. हवाच पाणी प्यायलेली असली की कुठे उडणार. खोलीत दोरीवर कपडे, खाली गेसो, दोन्ही न वाळलेले. पंखा तीनवर.

११ जुलै, गुरुवार

आठ ते अकरा काम झालं. सगळ्या कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, पातळ हात मारला, म्हणजे पांढऱ्याची भीती जाते. मग हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची ब्रश, दारं रंगवायचा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून जो गडद राखाडी येतो त्याने आकृती ठोकली. काळी ट्यूब मी उघडत नाही.

बाईंचा अंगरखा हळदीच्या रंगाचा. इथे मार खाल्ला. पिवळा हा रंगांमधला सगळ्यात दुबळा गडी, खालचं झाकतच नाही. सिएनावर लावला तर भिजलेल्या चहापावडरीचा रंग. शेवटी जिथे हळद उजळ हवी तिथे आधी टायटॅनियम व्हाइटचा जाड थर, तो सुकल्यावर वर पिवळा. सावलीत काळा घालायचा मोह होतो. पिवळ्यात काळा पडला की शेवाळी हिरवा होतो, हे एकदा तरी प्रत्येकाने करून बघितलेलं असतं. जांभळ्याचा थेंब घातला, सावली तपकिरी आणि जिवंत झाली. शिवाय ओला असताना जो पिवळा बरोबर वाटतो तो सुकल्यावर एक पायरी खाली उतरतो. ओल्या रंगातलं चिकट माध्यम दुधासारखं पांढुरकं असतं, सुकलं की पारदर्शक होतं आणि ते दूध निघून जातं. म्हणून मी नेहमी थोडा जास्तच उजळ मिसळते आणि तरी चुकते.

पिवळ्याचा ब्रश धुवायचा राहिला. आठवण झाली ती रात्री एकला, गादीवर. तोवर काठी झाली होती. चारशे रुपये.

१४ जुलै, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते.

काल रात्री नऊला चित्र चांगलं होतं. फोन काढून फोटोही घेतला होता, तो अजून आहे, आणि तोच जास्त छळतो. घेर दोन-चार मोठ्या फटकाऱ्यांत उभा होता. मग मला वाटलं, चुण्या दाखवायला हव्यात. बारीक ब्रश घेतला. एक चुणी, तिची सावली, तिच्या शेजारची. काठाची जर. साडेबाराला मान वर केली तर समोर दुकानातल्या पुतळ्याला नेसवलेला अंगरखा. प्रत्येक चुणी बरोबर आणि एकही हलत नाही.

सकाळी सासूबाई चहाचा कप घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांना चित्रातलं काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "अगं, ही पडेल की."

"अहो आई, नाचतेय ती."

"नाचू दे. पण हिचा पाय कुठे टेकलाय?"

मी चिडले. ते त्यांना कळलं असणार, कारण दुपारी मला जास्तीची पुरणपोळी वाढली.

त्यात खिडकीतून पाऊस उडत होता म्हणून रात्री कॅनव्हासवर वर्तमानपत्र टाकलं होतं. जिथे रंग जाड होता तिथे ते चिकटलं. ओल्या फडक्याने बरंच निघालं. खालच्या डाव्या कोपऱ्यात वृश्चिक राशीचं भविष्य अजून आहे.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी. घरात साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर पंढरपूर.

पडेल की, हे वाक्य तीन दिवस डोक्यात होतं. शेवटी कपाटाची किल्ली दोऱ्याला बांधली आणि गवंडी ओळंबा धरतात तशी चित्रासमोर धरली. एका पायावर उभ्या माणसाच्या मानेचा खळगा त्या पायाच्या वर यायला हवा. हे मला क्लासात बसलेल्या दिवशी माहीत होतं, प्रत्येक रेखाटनात तीच तर पहिली रेघ आहे. कॅनव्हासवर किल्ली टाचेच्या सहा बोटं बाहेर लटकत होती. म्हणजे चुण्यांचा दोष नव्हता. मुळातच बाई कलंडलेल्या, आणि मी पडणाऱ्या बाईच्या कपड्यांना इस्त्री करत होते.

क्लासातले कागद पुन्हा काढले. कडेला खरडलेलं ते वाक्य सापडलं.

चक्कर चालू असतो तेव्हा शरीर आणि कपडा एकत्र फिरतात, म्हणून फोटोत छत्री दिसते. सम आली की बाई थांबतात, पण घेराला सम कळलेली नसते. तो पुढे जातो, पायांना गुंडाळतो, मग उलटा सुटतो. कानातलं डूल त्याच्या मागून, वेणी सगळ्यात शेवटी. म्हणजे समेनंतरच्या अर्ध्या मात्रेत एकाच माणसावर चार वेगवेगळे वेग असतात. चित्र त्या अर्ध्या मात्रेचं काढायला हवं होतं. शरीर ओळंब्यात, ठाम, आणि बाकी सगळं उशिरा येणारं.

चित्रकार के. के. हेब्बार यांनी लय कळावी म्हणून मुंबईत कथक शिकून घेतलं होतं. त्यांच्या रेखाटनांतल्या नर्तकींची रेघ कुठे अडखळत नाही. मी हे पूर्वी वाचलं तेव्हा वाटलं होतं, थोर माणसांचं काहीतरी असतं. आज दिवाणखान्यात मीच पदर खोचून डाव्या टाचेवर फिरून पाहिलं. दीड चक्कर झाला आणि सोफ्यावर. सासूबाई टीव्हीसमोरून म्हणाल्या, "विठ्ठल विठ्ठल."

मग पॉलिश पेपर घेऊन घेर घासला. ॲक्रिलिक एकदा सुकलं की पाण्याने विरघळत नाही, फक्त खरवडलं जातं. पिवळी भुकटी, नाकाला रुमाल. पाय अर्धा वीत डावीकडे घेतला. दारं रंगवायचा ब्रश, एकच मोठा फटकारा: कमरेपासून चित्राच्या उजवीकडे, पुढे, पायांभोवती. त्या वेळी श्वास धरला होता हे नंतर कळलं. तो सुकल्यावर काठाला हात लावला नाही. जुन्या पायाची राखाडी रेघ खालून थोडी दिसते. झाकणार होते, राहू दिली. चेहरा तर काढलाच नाही, हनुवटीची एक कड आणि कपाळावर कुंकू एवढंच. घुंगरू नाहीत. प्रयत्न केला, पेवंदी बोरांच्या माळा दिसायला लागल्या, पुसले. दोन्ही पायांत मिळून दोनशे घुंगरं घालणाऱ्या बाईला हे चालेल का, माहीत नाही.

फ्रेंच चित्रकार देगासच्या नर्तकी आठवल्या. त्याने कितीतरी जणी नाचताना नाही तर पट्टे बांधताना, पाठ चोळताना, कंटाळून बसलेल्या रंगवल्या. शहाणा माणूस.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. क्लासात सकाळपासून मुली, झेंडूचे हार, पेढे. संध्याकाळी बाई वर आल्या. दोन जिने चढून दम लागला होता, पाणी प्यायल्या. हातात मुलींनी दिलेली गुलाबं होती, ती सासूबाईंना देऊन टाकली.

चित्रासमोर बराच वेळ उभ्या. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर उगाच चहा पुन्हा उकळत ठेवला. बाहेर आले तर त्या चित्रातल्यासारखा डावा पाय टेकवून, उजवा हात अर्धा उचलून बघत होत्या. घेर नव्हता, साडी होती.

"पाय बरोबर आहे," म्हणाल्या. घुंगरांचं काही विचारलं नाही. मग कमरेकडे बोट दाखवलं. "ओढणीची गाठ इथे कुठे? समोर गाठ असली की वाकताना टोचते. मी कडेला बांधते, उजवीकडे."

रेखाटनं काढून बघितली. साठच्या साठ कागदांत गाठ कडेला आहे.

त्या गेल्यावर समोरची गाठ झाकायला घेतली. पांढरा थर दिला, तो सुकायला पंखा तीनवर ठेवलाय. पिवळ्याची ट्यूब पिळून पिळून चपटी झालीये, कात्रीने कापून आतला रंग ब्रशने काढला तरी पुरणार नाही. शनिवारी पुन्हा फोर्टात जावं लागेल.