लक्ष्मी रोड, एक साडी आणि "घडी मोडलीये"

आत्तेबहिणीच्या लग्नात नेसायला घेतलेली साडी बदलून आणायला माझा अख्खा दिवस गेला, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. खरेदी झटपट झाली होती, लक्ष्मी रोडवर तिसऱ्याच दुकानात पसंत पडली. फॉल-पिकोला टाकली तर काकूंनी आधी पदर खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे बघ." जरीकाठालगत मोहरीएवढं भोक! नशीब फॉल लागला नव्हता, नाहीतर विषयच संपला असता.

बिलामागे बारीक अक्षरात लिहिलेलं, बदली दुपारी १२ ते ४, शनि-रवि नाही, पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे सुट्टी काढा. काढली. (गाडी अजिबात नेऊ नका, पिंपरीहून मेट्रोने थेट मंडईला उतरा, सप्टेंबर २०२४ पासून ते स्टेशन सुरू आहे.)

१२ वाजून ५ मिनिटांनी मी हजर. गादीवरच्या काकांनी साडी दोन बोटांनी उचलली. "ताई, घडी मोडलीये."

अहो, घडी तुमच्याच माणसाने मोडली, माझ्या खांद्यावर पदर टाकून आरशासमोर उभं केलं होतं मला!

"ती दाखवायची घडी वेगळी. ही नेसलेली आहे."

भोकाबद्दल चकार शब्द नाही. मग म्हणे मालक जेवायला गेलेत, २ नंतर या.

चरफडत बाहेर पडले. विश्रामबागवाड्याच्या कोरीव लाकडी सज्जाकडे बघत पाच मिनिटं उभी राहिले, दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिला असेन. तिथून तुळशीबाग. नारो आप्पाजींनी बांधलेल्या राममंदिरात जरा टेकले, डोकं शांत झालं, आणि बाहेर येऊन भाचीसाठी भातुकलीतला पितळी बंब घेतला, इवलासा, पण तोटीसकट. तुळशीबागेत दुपारीच जा बरं का, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

२ ला परत गेले. मालक आले पावणेतीनला. पुन्हा तेच, घडी मोडलीये. आता मात्र मी साडी अख्खी पसरली गादीवर आणि म्हटलं, नेसलेली असेल तर निऱ्यांच्या चुण्या दाखवा, खांद्याला पिन लावल्याची खूण दाखवा, परकराच्या नाडीपाशी चुरगळलेली दाखवा. शेजारी खरेदी करणाऱ्या आजी चष्मा सावरत वाकल्या आणि म्हणाल्या, "कोरी आहे हो." मालकांनी गादीवरच्या काकांकडे पाहिलं. "द्या बदलून." सॉरी वगैरे काही नाही!

तोच रंग नव्हता, दुसरी ३५० रुपयांनी महाग निघाली, भरले. आणि हो, मूळ बिल जपून ठेवा, मोबाईलमधला फोटो तिथे चालत नाही, माझ्या आधीच्या बाईंना तेवढ्यावरून परत पाठवलं.

घरी जायच्या आधी फॉलवाल्या काकूंकडे गेले. त्यांनी पिशवी घेतली आणि काही न बोलता आधी खिडकीकडे वळल्या.